नाते दोनाचे, मग नावात तीन का? 'त्रिज्या' या शब्दाचा इतिहास

१/
भिवंडीच्या निजामपुऱ्यात आणि आसपासच्या मोहल्ल्यांत वर्तुळातल्या एकाच रेषेला तीन नावे ऐकू येतात. मराठी माध्यमातला विद्यार्थी तिला 'त्रिज्या' म्हणतो. उर्दू माध्यमातला 'निस्फ कुत्र' म्हणतो. मागावर काम करण्यासाठी तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांच्या तेलुगूत ती 'व्यासार्धम्' असते. रेषा तीच, केंद्रापासून परिघापर्यंतची. या तीन नावांपैकी दोन सरळ उत्तर देतात आणि एक कोडे घालते. आजचा धागा त्या कोड्याविषयी.

२/
अरबीतून उर्दूत आलेल्या 'कुत्र' या शब्दाचा अर्थ व्यास आणि 'निस्फ' म्हणजे अर्धा. 'व्यासार्धम्'ची फोड तर आपल्यालाही सहज करता येते. या दोन्ही भाषांत सूत्र नावातच दडलेले आहे: ही रेषा म्हणजे निम्मा व्यास. मराठी विद्यार्थ्याला मात्र ते वेगळे पाठ करावे लागते: व्यास = २ × त्रिज्या. त्यात एखादी चौकस मुलगी विचारते, नाते तर दोनाचे आहे, मग शब्दात 'त्रि' कुठून आला?

३/
या प्रश्नाला वर्गात बहुधा उत्तर मिळत नाही. माझे मत आरंभीच मांडतो: हे उत्तर न सांगणे हे आपले मोठे नुकसान आहे. व्यास आणि त्रिज्या यांचे नाते भूमितीतले सर्वांत सोपे नाते म्हणून आपण एका ओळीत उरकतो. प्रत्यक्षात त्या एका ओळीमागे दोन वेगळ्या गरजा, दोन वेगळे व्यवसाय आणि अलेक्झांड्रिया, पाटणा, बगदाद व टोलेडो अशा शहरांमधून झालेला दीर्घ प्रवास उभा आहे.

४/
आधी व्यास. मोजणाऱ्याला प्रथम भेटतो तो व्यासच. खांब, लाकडाचा ओंडका, भरीव दांडा, विहिरीचे तोंड, यांपैकी काहीही मोजायचे झाले तर आपण या काठापासून त्या काठापर्यंत माप टाकतो. भरीव दांड्याच्या पोटातल्या केंद्रावर पट्टीचे टोक ठेवता येत नाही. कारखान्यातला फिटर कॅलिपर लावतो तेव्हा त्याला व्यास मिळतो. त्रिज्या त्याला भागाकार करून काढावी लागते.

५/
आपल्या जुन्या ग्रंथांत व्यासासाठी आणखी एक शब्द आहे: विष्कंभ. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ आधाराचा दांडा, दाराला आतून लावायचा अडसर. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा घातलेला अडसर ही प्रतिमा किती नेमकी आहे पाहा. 'व्यास' या शब्दाचा अर्थ विस्तार, रुंदी. ग्रीक शब्दाचा अर्थही 'आरपार माप' असाच होतो. तीनही शब्द मोजणाऱ्याच्या हातातून आलेले आहेत.

६/
त्रिज्या भेटते ती आखणाऱ्याला. जमिनीत खुंटी ठोकायची, दोरी बांधायची, दोरीचे दुसरे टोक ताणून फिरायचे. विहिरीची आखणी अशीच होते. इथे हातात असते ती केंद्रापासूनची लांबी. व्यास आपोआप तयार होतो. बैलगाडीच्या चाकात हीच रेषा लाकडाची होते, तिला आपण आरा म्हणतो. लॅटिन 'रेडियस' या शब्दाचा एक अर्थ नेमका हाच आहे: चाकाचा आरा.

७/
थोडक्यात, व्यास हे तयार वस्तूचे माप आहे आणि त्रिज्या ही वस्तू घडवण्याची रीत आहे. 'व्यास त्रिज्येच्या दुप्पट' या वाक्यात मोजणारा आणि आखणारा एकमेकांना भेटतात. ही भेट आज आपल्याला उघड वाटते. इतिहासात मात्र या दोघांना समान मान मिळायला बराच काळ जावा लागला.

८/
पुरावा पाहू. युक्लिडने 'मूलतत्त्वे' या ग्रंथाच्या पहिल्या खंडात वर्तुळाची व्याख्या केली, केंद्राची केली, व्यासाची केली. त्रिज्येची स्वतंत्र व्याख्या त्यात नाही. प्राचीन ग्रीकांकडे तिच्यासाठी एकेरी पारिभाषिक शब्दच नव्हता. ते 'केंद्रापासूनची' एवढेच म्हणत. ज्यांनी कंपासने अवघी भूमिती उभी केली, त्यांच्याकडे कंपासच्या उघडीला नाव नव्हते.

९/
आपल्याकडेही मोठी मापे व्यासातच सांगितली जात. जैन ग्रंथांत जंबूद्वीपाचा व्यास १,००,००० योजने दिला आहे आणि परिघ ३,१६,२२७ योजनांहून थोडा अधिक. व्यासाला दहाच्या वर्गमुळाने गुणले की हा आकडा येतो. संपूर्ण हिशेबात त्रिज्येची गरज कुठेही पडत नाही.

१०/
मग आर्यभट. इ. स. ४९९ च्या सुमारास, वयाच्या तेविसाव्या वर्षाचा उल्लेख करून लिहिलेल्या 'आर्यभटीया'त तो सांगतो: १०० मध्ये ४ मिळवा, ८ ने गुणा, ६२,००० मिळवा, २०,००० व्यास असलेल्या वर्तुळाचा हा आसन्न परिघ. म्हणजे ६२,८३२. भागाकार केला की ३.१४१६. 'आसन्न' म्हणजे जवळपासचा, हे तो स्वतः नोंदवतो, याची दखल घ्यावी. आणि आधार म्हणून घेतलेली राशी पुन्हा व्यासच.

११/
याच ग्रंथात तो त्रिज्याही वापरतो, पण तिला म्हणतो 'विष्कंभार्ध'. वर्तुळाचे क्षेत्रफळ म्हणजे अर्धा परिघ गुणिले अर्धा विष्कंभ. परिघाच्या सहाव्या भागाची जीवा अर्ध्या विष्कंभाएवढी असते, हेही तो सांगतो. कंपासने वर्तुळात षट्कोन काढताना शाळकरी मुले नकळत हेच वापरतात. म्हणजे इथवर संस्कृत, तेलुगू आणि उर्दू एकाच बाकावर बसलेल्या आहेत: त्रिज्या म्हणजे अर्धा व्यास.

१२/
तर मग मराठीने घेतलेला 'त्रिज्या' हा शब्द आला कुठून? तो आला आकाशातून. खगोलशास्त्रज्ञांना ग्रहांच्या जागा काढायच्या होत्या आणि त्यासाठी वर्तुळाच्या कंसावरून सरळ रेषेची लांबी काढणे आवश्यक होते. त्यांनी वर्तुळाच्या तुकड्याकडे पाहिले आणि त्यांना धनुष्य दिसले. वाकलेला भाग म्हणजे चाप. दोन टोकांना जोडणारी ताणलेली दोरी म्हणजे ज्या किंवा जीवा. दोरीच्या मध्यापासून चापापर्यंतचा तुकडा म्हणजे शर, अर्थात बाण.

१३/
दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने अशा जीवांचे कोष्टक तयार केले होते. त्याने वर्तुळाचा व्यास १२० भागांचा धरला आणि अर्ध्या अंशाच्या अंतराने १८० अंशांपर्यंत प्रत्येक कंसाची पूर्ण जीवा दिली. काम अफाट होते. पण गणित करताना पुन्हापुन्हा कंस दुप्पट करायचा, जीवा काढायची, मग ती निम्मी करायची, असा द्राविडी प्राणायाम होई. काटकोन त्रिकोणात उपयोगी पडते ती अर्धी जीवा.

१४/
भारतीय गणितींनी कोष्टकच अर्ध्या जीवेचे केले. पूर्ण दोरीऐवजी अर्धी दोरी, म्हणजे 'अर्धज्या'. ती इतकी रोजच्या वापरातली झाली की 'अर्ध' गळून पडले आणि नुसते 'ज्या' म्हटले तरी अर्धी दोरीच समजू लागले. ऐकायला हा किरकोळ बदल वाटतो. आज जगभर शिकवली जाणारी त्रिकोणमिती मात्र या अर्ध्या दोरीवरच उभी आहे.

१५/
आता कोडे सुटते. वर्तुळाच्या बारा राशी, प्रत्येकी ३० अंशांच्या. सहा राशींचा कंस घ्या, म्हणजे अर्धवर्तुळ. त्याची दोरी कोणती? व्यास. वर्तुळात बसणारी सर्वांत लांब जीवा तीच. आता ही दोरी निम्मी करा. तिच्यासमोरचा कंसही निम्मा होतो, तीन राशींचा, ९० अंशांचा. तीन राशींची ज्या, म्हणून 'त्रिभज्या' किंवा 'त्रिराशिज्या'. 'भ' म्हणजे राशी. तिचे सुटसुटीत रूप: त्रिज्या.

१६/
म्हणजे 'त्रि' हा तीन त्रिज्यांचा नाही आणि त्रिकोणाचाही नाही. तो तीन राशींचा आहे. व्यास म्हणजे सर्वांत मोठी पूर्ण जीवा, त्रिज्या म्हणजे सर्वांत मोठी अर्धी जीवा. 'व्यास = २ × त्रिज्या' हे सूत्र 'पूर्णज्या = २ × अर्धज्या' या व्यापक नियमाचे टोकाचे उदाहरण ठरते. पाठांतराची ओळ एका क्षणात सिद्धान्ताचे रूप घेते. चौकस मुलीला द्यायचे उत्तर हेच.

१७/
पुढची गोष्ट याहून सुंदर आहे. त्रिज्येची लांबी किती धरायची? आर्यभटाने ती ३४३८ धरली. हा विचित्र आकडा का? वर्तुळात ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला, म्हणून परिघ २१,६०० कलांचा. आता परिघ ज्या एककात मोजला त्याच एककात त्रिज्या मोजा. २१,६०० ला ६.२८३२ ने भागा: ३४३७.७४. पूर्णांकात ३४३८.

१८/
त्याच्या कोष्टकात ३ अंश ४५ कलांच्या अंतराने २४ ज्या आहेत. प्रत्यक्षात तो ज्यांमधले फरक देतो: पहिला २२५, मग २२४, २२२, २१९ असे उतरत शेवटचा ७. साऱ्या फरकांची बेरीज करून पाहा. ३४३८ येते. अर्थात शेवटची, तीन राशींची ज्या, म्हणजे खुद्द त्रिज्या. पेन्सिल घेऊन ही बेरीज स्वतः करण्यात जी गंमत आहे, ती कोणत्याही धाग्यात नाही.

१९/
कंस आणि सरळ रेषा एकाच एककात मोजण्याची ही कल्पना आधुनिक विद्यार्थ्याला 'रेडियन' या नावाने भेटते. त्रिज्येएवढ्या लांबीचा कंस केंद्रापाशी जो कोन करतो तो एक रेडियन, सुमारे ५७ अंश १८ कला. त्याच्या एकूण कला करा: ५७ × ६० + १८ = ३४३८. 'रेडियन' हा शब्द छापील रूपात १८७३ मध्ये बेलफास्टच्या एका प्रश्नपत्रिकेत दिसतो. शब्द नवा, मागची जाण जुनी.

२०/
सर्वांनी ३४३८ च धरले असे नव्हे. वराहमिहिराच्या 'पंचसिद्धान्तिके'त त्रिज्या १२० आहे. ब्रह्मगुप्ताने ३२७० घेतली. भास्कराचार्यांनी ३४३८ सोबत सोयीसाठी १२० चे लहान कोष्टकही दिले. आज आपण ९० अंशांचा साइन १ लिहितो तेव्हा आपणही एक निवडच करत असतो: त्रिज्या १ धरण्याची.

२१/
वराहमिहिराच्या १२० वर क्षणभर थांबू. टॉलेमीचा व्यास १२०, वराहमिहिराची त्रिज्या १२०. व्यासाच्या जागी तेवढीच त्रिज्या घेतली की टॉलेमीची दुप्पट कंसाची पूर्ण जीवा आणि वराहमिहिराची मूळ कंसाची अर्धज्या यांचे आकडे एकच येतात. दुपटीचे आणि निमपटीचे हे नाते दोन संस्कृतींच्या कोष्टकांना जोडणारा पूल होऊ शकते, हे आपण सूत्र पाठ करताना विसरतो.

२२/
आणि देवाणघेवाण खरोखर झाली होती. ज्या बिंदूपासून त्रिज्या निघते तो 'केंद्र' हा शब्द ग्रीक 'केंट्रॉन'वरून आला आहे. त्याचा अर्थ टोकदार काठी, बैलाला टोचायची पराणी. पुढे कंपासचे टोक. कलेसाठी संस्कृत ज्योतिषात वापरला जाणारा 'लिप्ता' हा शब्दही ग्रीकच. 'केंद्रापासून परिघापर्यंत त्रिज्या' हे साधे मराठी वाक्य उच्चारताना आपण अनेक शतकांचा व्यवहार उच्चारत असतो.

२३/
आता उलटा प्रवास. 'जीवा' हा शब्द अरबी विद्वानांनी 'जिबा' असा घेतला. अरबी लिपीत स्वर बहुधा लिहीत नाहीत, म्हणून पुढे तीच अक्षरे 'जैब' अशी वाचली गेली. 'जैब' हा अरबीतला ओळखीचा शब्द: वस्त्राचा गळ्यापाशी पडणारा खोलगट भाग. बाराव्या शतकात लॅटिन अनुवादकांनी त्याचे शब्दशः भाषांतर केले: 'सायनस'. तोच आपला साइन.

२४/
हा 'जैब' आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. फारसी-उर्दूत तो 'जेब' झाला, म्हणजे खिसा. निजामपुऱ्यातला शिंपी कुर्त्याला जेब शिवतो तेव्हा त्याच्या तोंडी तोच शब्द असतो, ज्याच्या गैरवाचनातून साइनचे नाव तयार झाले. आणि आपल्या नववी-दहावीच्या भूमितीच्या पुस्तकात वर्तुळाच्या प्रकरणात 'जीवा' आणि 'त्रिज्या' आहेत, त्रिकोणमितीच्या प्रकरणात 'साइन' आहे. एका घराण्यातली ही तीन माणसे एकाच पुस्तकात राहतात आणि त्यांची ओळख कोणी करून देत नाही.

२५/
इथे एक सावधगिरी. 'कोसाइन'ही आपल्या 'कोटिज्या'वरूनच आला, असे समाजमाध्यमांवर हमखास लिहिले जाते. तसे नाही. ते लॅटिन 'कॉम्प्लिमेंटी सायनस'चे, म्हणजे पूरक कोनाच्या साइनचे, संक्षिप्त रूप आहे. एडमंड गंटरने १६२० मध्ये ते वापरले. खरा इतिहास इतका समृद्ध असताना त्याला खोट्या दागिन्यांची गरज नाही. एक खोटा दावा दहा खऱ्या दाव्यांवरचा विश्वास उडवतो.

२६/
आता महाराष्ट्रात येऊ. भास्कराचार्य (जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४) यांच्या 'लीलावती'त वर्तुळाची सूत्रे पाहा. परिघासाठी व्यासाला ३९२७ ने गुणून १२५० ने भागा, हे सूक्ष्म; २२ ने गुणून ७ ने भागा, हे व्यवहारापुरते. क्षेत्रफळ म्हणजे परिघ गुणिले व्यासाचा चौथा भाग. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या चौपट. घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले व्यास, भागिले ६. सर्वत्र व्यास.

२७/
तेच भास्कराचार्य 'सिद्धान्तशिरोमणी'त ज्या तयार करण्याच्या रीती सांगतात, त्याला 'ज्योत्पत्ती' म्हणतात, तेव्हा मात्र सर्वत्र त्रिज्या. माणूस एक, काळ एक, पण जमिनीवरच्या हिशेबाला व्यास आणि आकाशातल्या हिशेबाला त्रिज्या. वर मांडलेल्या माझ्या म्हणण्याला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण.

२८/
त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापला. शके ११२८ चा तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख बहुतांशी संस्कृतात आहे, पण मठाला बाजारातील मालावरच्या करातून काय मिळावे हा तपशील जुन्या मराठीत आहे. गणिताच्या शिक्षणाचा खर्च बाजाराने उचलावा, ही तरतूद आठशे वर्षांपूर्वी दगडात कोरलेली आहे.

२९/
'लीलावती' पुढे कुठे कुठे गेली? १५८७ मध्ये अकबराच्या दरबारात फैजीने तिचा फारसी अनुवाद केला. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरचा इंग्रजी अनुवाद छापला गेला. खानदेशच्या मातीशी नाते सांगणारा ग्रंथ आग्र्याकडच्या फारसीत शिरला आणि मग मुंबईच्या छापखान्यातून इंग्रजीत बाहेर पडला. गणिताला लिपीचे वावडे कधीच नव्हते.

३०/
व्यास पुढे ठेवायचा की त्रिज्या, हा वाद अजूनही संपलेला नाही. समरकंदच्या अल-काशीने १४२४ मध्ये परिघ आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर काढले: ६.२८३१८५..., दशांशात सोळा स्थळांपर्यंत अचूक. विल्यम जोन्सने १७०६ मध्ये पाय हे चिन्ह वापरले ते परिघ आणि व्यास यांच्या गुणोत्तरासाठी. २००१ मध्ये बॉब पॅले या गणितज्ञाने 'पाय चुकीचा आहे' अशा शीर्षकाचा लेख लिहिला. त्रिज्येवर आधारलेला दुप्पट अंक अधिक नैसर्गिक, असे त्याचे म्हणणे. त्या दुप्पट अंकाला आज काहीजण 'टाउ' म्हणतात.

३१/
माझ्या मते या वादात कोणी जिंकण्याची आवश्यकता नाही. निजामपुऱ्यातल्या यंत्रमागाकडेच पाहा. समजा मोटर मिनिटाला ९६० फेरे घेते, तिची पुली ४ इंच व्यासाची आणि मागाची २४ इंचांची. माग मिनिटाला १६० फेरे घेईल. इथे व्यासाऐवजी त्रिज्या घेतल्या, २ आणि १२, तरी उत्तर तेच. गुणोत्तरात दोनाचा अंक वर-खाली कटतो. कारागिराने व्यास मोजला आणि निम्मे करण्याची तसदी घेतली नाही, यात त्याचे गणित कुठेही चुकत नाही.

३२/
पण त्याच मागाच्या मागच्या बाजूला ताण्याचा बीम असतो, आणि तिथे दोनाचा अंक कटत नाही. समजा रिकाम्या बीमचा व्यास १५ सेंटिमीटर, भरलेल्याचा ६०. सुताचा थर अर्धा उतरला की व्यास ३७.५ होतो. डोळ्यांना वाटते निम्मे सूत उरले. क्षेत्रफळाच्या हिशेबाने उरलेले असते सुमारे ३५ टक्केच. लांबीतले दोन क्षेत्रफळात चार होतात आणि घनफळात आठ. निम्मी रुंदी म्हणजे निम्मा माल नव्हे.

३३/
म्हणून 'दुप्पट-निम्मे' हे नाते क्षुल्लक समजू नये. ते कुठे कटते आणि कुठे वाढत जाते, हे ओळखणे म्हणजे गणित समजणे. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी आणि हे ओळखणारा विद्यार्थी यांच्यातले अंतर गुणपत्रिकेत नेहमीच दिसते असे नाही, पण कामावर उभे राहिले की लगेच दिसते.

३४/
माझी मागणी छोटी आहे. बालभारती मराठीखेरीज उर्दू, तेलुगू अशा अनेक भाषांत पुस्तके काढते. प्रत्येक भाषेतल्या 'वर्तुळ' प्रकरणात एक चौकट असावी: आपण या रेषेला काय म्हणतो, शेजारच्या वर्गातली मुले काय म्हणतात, आणि का. मराठी मुलाला कळावे की 'निस्फ कुत्र' म्हणजे आर्यभटाचा 'विष्कंभार्ध'च. उर्दू शिकणाऱ्या मुलीला कळावे की 'जेब' आणि 'जीवा' यांचे धागे एकमेकांत विणलेले आहेत.

३५/
'मग 'त्रिज्या' टाकून सोपा 'व्यासार्ध' का घेऊ नये?' असा एक प्रामाणिक आक्षेप येऊ शकतो. शिकवण्याच्या सोयीने पाहिले तर त्यात तथ्य आहे. बंगालीत 'व्यासार्ध'च रूढ आहे आणि तिथले काही अडले नाही. तरीही मी 'त्रिज्या' ठेवण्याच्या बाजूचा आहे. 'व्यासार्ध' नाते सांगतो, 'त्रिज्या' त्या नात्याचे कारण सांगते. अट एकच: कारण खरोखर सांगितले गेले पाहिजे. अर्थ न सांगता जपलेला शब्द म्हणजे किल्ली हरवलेली पेटी.

३६/
वृत्तपत्रांच्या मथळ्यांनी भिवंडी लक्षात ठेवली ती १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे. पण इतिहासाचे वाचक म्हणून आपल्याला शहराच्या दुसऱ्या नोंदीही वाचता यायला हव्यात. इथे कोकणी मुसलमान आहेत, उत्तरेतून आलेले मोमीन विणकर आहेत, तेलुगू पद्मशाली आहेत, आगरी-कोळी आहेत. एकाच पुलीचा व्यास हे सारे आपापल्या भाषेत मोजतात आणि पट्टा एकच फिरतो.

३७/
'हे आमचे' आणि 'ते त्यांचे' अशी शब्दांची वाटणी करणाऱ्यांना एक प्रश्न विचारून थांबतो. केंद्र ग्रीक, त्रिज्या संस्कृत, साइनचे नाव संस्कृतातून अरबीत आणि अरबीतून लॅटिनमध्ये गेलेले. यांतले परके म्हणून नेमके काय काढून टाकायचे? केंद्र काढले तर त्रिज्येला आरंभ राहत नाही. त्रिज्या काढली तर वर्तुळ आखता येत नाही.

३८/
आपल्या घरी, शाळेत किंवा कारखान्यात वर्तुळाच्या या रेषेला आणखी वेगळा शब्द वापरात असेल तर खाली अवश्य लिहा. सुतार, लोहार, कुंभार, विहीर बांधणारे गवंडी यांच्याकडचे शब्द विशेष हवे आहेत. ते कोशांत क्वचितच सापडतात. आणि २४ फरकांची बेरीज ३४३८ येते का, हे कोणी पडताळून पाहणार असेल तर पूर्ण यादी देतो: २२५, २२४, २२२, २१९, २१५, २१०, २०५, १९९, १९१, १८३, १७४, १६४, १५४, १४३, १३१, ११९, १०६, ९३, ७९, ६५, ५१, ३७, २२, ७.